तीनशे बारा बायोडेटा आणि एक मोकळा रकाना

"मॅडम, काल सांजच्यापर्यंत माझी पोरगी पाच फूट एक इंच होती. एका रातीत सहा फूट दोन इंच कशी झाली?"

गुरुवार, सकाळचे सव्वासात. मी लातुरात माझ्या गॅलरीत तोंडात ब्रश धरून उभी. फोनवर रेणापूरचे सोनकांबळे, एका मुलीचे वडील. मी काही बोलायच्या आत ते पुढचं वाचू लागले. मुलीचं शिक्षण, बी.पी.एड. छंद, व्हॉलीबॉल आणि बुलेट चालवणे. गाव, किल्लारी.

"आन् अपेक्षा बघा काय लिव्हलीय. 'सून आईला सांभाळून घेणारी असावी.' माझ्या पोरीनं सून कुठून आणायची मॅडम? तिचंच लगीन व्हायचंय अजून!"

मी चूळ भरली आणि म्हणाले, "एखादी चूक झाली असेल भाऊ, बघते." फोन ठेवला तर दुसरा आला. मग तिसरा. चौथा वाजेपर्यंत मला घाम फुटला होता, आणि खरं सांगते, हसूही आवरत नव्हतं.

मी ऑफिसं लावून देते. म्हणजे संगणक, प्रिंटर, त्यात लागणारं सॉफ्टवेअर आणि ते वापरणाऱ्या माणसाच्या मनातली भीती, ह्या चारही गोष्टी जागेवर बसवून द्यायच्या. टायपिंग इन्स्टिट्यूटपासून सुरुवात केली, त्याला आता बावीस वर्षं झाली. दाळ मिलची ऑफिसं लावली, कोचिंग क्लासची लावली, वकिलांची लावली. पण वधू-वर सूचक मंडळाचं ऑफिस पहिल्यांदाच लावत होते. आमच्या बौद्ध समाजाचं मंडळ, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष कांबळे सर. निवृत्त हेडमास्तर, अजूनही खडूचा डबा बाळगून असल्यासारखे बोलतात. रविवारी नांदेडला मोठा परिचय मेळावा होता. त्याच्या सतरा दिवस आधी त्यांनी मला बोलावलं आणि ऑफिसातला संगणक दाखवला. स्क्रीनच्या माथ्यावर लाल पट्टी झळकत होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की हे सॉफ्टवेअर तुम्ही विकत घेतलेलं नाही, आता पुरे झालं.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.

"संगणक विकणाऱ्यानं घालून दिलं. आम्हाला वाटलं, टीव्हीसोबत रिमोट येतो तसं असेल."

"सर, हे चोरीचं आहे."

सरांचा चेहरा पडला. मग चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, समाजाच्या कामाला चोरीचं नको. पण बजेट शून्य आहे. फुकट पाहिजे आणि इमानदारीचं पाहिजे. आहे का असं काही?"

आहे. हे लोकांना पटत नाही, पण आहे.

त्याआधी गरज काय ती सांगते. ऑफिसला मुख्य दोन गोष्टी लागतात. एक, लिहायचं सॉफ्टवेअर, ज्यात पत्र, अर्ज, पुस्तिका तयार होते. त्याला वर्ड प्रोसेसर म्हणतात. दुसरं, रकान्यांचं रजिस्टर, म्हणजे स्प्रेडशीट. आडव्या ओळीत एकेक माणूस, उभ्या रकान्यात त्याची माहिती. मंडळाला दोन्ही हवं होतं, कारण तीनशे बारा मुलामुलींचे फॉर्म शीटमध्ये भरायचे आणि तिथून पुस्तिकेच्या पानांवर आणायचे होते.

हे सगळं काम एकटी बाई करायची. शकुंतला सरवदे. सगळे शकुताई म्हणतात. वय अठ्ठावन्न. मशीनवर टायपिंग शिकलेल्या, त्यामुळे कीबोर्डवर बोटं अशी आपटतात की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कळतं, आज शकुताई आल्यात. नवऱ्याच्या माघारी ही नोकरी हाच त्यांचा आधार. खुर्चीवर त्यांनी स्वतः शिवलेली उशी आहे. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं तर बोलत काही नाहीत, फक्त उभ्या राहतात.

आणि त्या खुर्चीवर मंडळाचे सचिव गायकवाड साहेबांचा डोळा होता. स्वतःला बसायला नव्हे. त्यांना सगळं काम एका बाहेरच्या एजन्सीला द्यायचं होतं. ॲप येईल, पुस्तिका चकचकीत होईल, टायपिस्टची गरजच उरणार नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मॅडम, तुमचं फुकटचं सॉफ्टवेअर एकदा चालवून बघू. मेळाव्याआधीच्या गुरुवारी दुपारी दोनपर्यंत पुस्तिका नांदेडच्या प्रेसला नीट गेली तर ठीक. न्हाई गेली तर पुढच्या महिन्यापासून एजन्सी. मग शकुताईंना आराम."

आराम हा शब्द त्यांनी इतका गोड उच्चारला, की शकुताईंनी टायपिंग थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी तीन फुकट पर्याय मांडले.

पहिला ऑनलाइन. ब्राउझरमध्ये उघडायचा, तिथेच लिहायचं, सगळं इंटरनेटवर साठतं. शकुताईंनी दोन नावं टाइप केली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहिला, नेटचा डबा मात्र बंद. शिवाय कांबळे सरांनी हेडमास्तरी प्रश्न विचारला, "पोरींचे फोन नंबर नेमके कुठं जाऊन बसतात?" मी खरं उत्तर दिलं, की लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर. "मग नको," सर म्हणाले.

दुसरा पर्याय दिसायला हुबेहूब विकतच्यासारखा. गायकवाड साहेब खूश झाले. शकुताईंनी एका मुलीची जन्मतारीख टाकली आणि कोपऱ्यात टुणकन जाहिरात उगवली. लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटची! हजारो स्थळं, आजच नोंदणी करा, वगैरे.

"आपल्याच घरात येऊन?" सर कडाडले. "काढा ते!"

तिसरा पर्याय ओपन सोर्स. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याची सगळी कृती उघडी ठेवलेली असते. कुणीही बघावी, सुधारावी, वापरावी. मुदत संपत नाही, लाल पट्टी येत नाही, नेट नसलं तरी चालतं. उणीव एवढीच की चेहरा जरा जुनाट आणि बटणांच्या जागा वेगळ्या. मंडळाची जुनी पुस्तिका त्यात उघडली तर दोन तक्ते पुढच्या पानावर घसरले, मराठी अक्षरं एका ठिकाणी फुगली. दीड तासात ते मी ठीक केलं.

आता माझी एक रीत आहे. सॉफ्टवेअर निवडताना साहेबांचं मत घ्यायचं नाही. जो माणूस दिवसभर ते वापरणार त्याला बसवायचं, आपण मागे चहा घेऊन उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मी उभी राहिले. शकुताई अर्धा तास बटणं शोधत होत्या. मग एका तयार बायोडेटाच्या नमुन्यातले रास, नाडी, गण, मंगळ हे चारही रकाने त्यांनी एकामागून एक उडवले. आमच्या फॉर्मवर ती भानगडच नसते. शेवटचा मंगळ उडाला तेव्हा स्वतःशीच हसल्या.

"जमून जाईल मॅडम. दिसाया म्हातारं हाय, पर माझ्यासारखंच हाय. काम करतंय."

निवड झाली. नऊ दिवसांत शकुताई त्यात अशा रुळल्या की मला नवीन शॉर्टकट सांगू लागल्या. तीनशे सहा फॉर्म भरून झाले. आणि मग सोमवारी मी शहाणपणा केला.

गायकवाड साहेब आले होते. म्हणाले, "नावं अक्षरानुसार लावायला तुमच्या ह्या फुकट्याला किती दिवस लागतील?"

"किती दिवस?" मी तावातावानं म्हणाले. "बघा."

मी शकुताईंना उठवलं, त्यांच्या खुर्चीत बसले, नावाच्या रकान्यात क्लिक केलं आणि 'अ ते ज्ञ' क्रमानं लावायचं बटण दाबलं. ह्याला सॉर्ट म्हणतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत आकांक्षा वर आणि हर्षवर्धन खाली. मी सेव्ह केलं, चुटकी वाजवली आणि साहेबांकडे बघितलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

नंतर सहा उशिरा आलेले फॉर्म शकुताईंनी खाली जोडले. बुधवारी संध्याकाळी आम्ही मेल मर्ज केलं. म्हणजे बायोडेटाचं एकच कोरं पान करायचं, आणि सॉफ्टवेअर शीटमधून एकेकाची माहिती उचलून तीनशे बारा पानं भरतं. फोटो प्रेसवाला फॉर्म नंबर बघून टाकणार होता. तयार PDF आम्ही पालकांच्या ग्रुपवर तपासायला सोडली. खाली वाक्य टाकलं, 'दुरुस्ती असल्यास सकाळी संपर्क करावा.' नंबर माझा. उत्साहात माणूस काय काय करतो.

तर गुरुवारी सकाळचे फोन. निलंग्याचा एक मुलगा शेती सोडून स्त्रीरोगतज्ज्ञ झाला होता. नांदेडच्या प्राध्यापिकेच्या नावापुढे 'स्वतःचा ट्रॅक्टर' आला होता. अहमदपूरच्या एका आयटीआयवाल्याचं शिक्षण एम.बी.बी.एस. झालं होतं. त्यानं तक्रार करायला नाही, विनंती करायला फोन केला होता.

"मॅडम, रविवारपर्यंत राहू द्या की तसंच. एकच दिवस!"

फोन नंबरही सरकले होते. त्यामुळे माणसं आपल्या पानावर आलेला नंबर लावून भलत्याच घरी फोन करत होती आणि तिथल्यांना वाटत होतं स्थळ आलं. औशाच्या एका आजीबाईंनी तर समोरच्याला थेट घरी यायचं आमंत्रण दिलं. फोन घेता घेताच साडेअकरा वाजले, तेव्हा मी स्कूटी काढली. वाटेत शकुताईंना फोन लावला आणि एवढंच ओरडले, "शीटला हात लावू नका! कुणालाही लावू देऊ नका!"

पोचले तर उशीर झाला होता. गायकवाड साहेब शकुताईंच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या पुतणीचं नाव यादीत होतं. तिच्यापुढे वजन ब्याऐंशी किलो आल्यामुळे भाऊ त्यांच्यावर भडकला होता, म्हणून त्यांनी तिची ओळ हातानं दुरुस्त केली होती.

"बघा, हे असं असतंय फुकटचं!" ते म्हणाले. "सगळ्या समाजात हसं झालं. मी एजन्सीला फोन लावून राहिलो."

कांबळे सर भिंतीला टेकून उभे. शकुताई बाजूला, हातात पाण्याची बाटली आणि ती उशी. उशी त्यांनी खुर्चीवरून काढून घेतली होती.

"माझ्याच हातून झालं असंल," त्या म्हणाल्या. "डोळ्याला कमी दिसून राहिलंय हल्ली. साहेब, लोकांची लेकरं हायेत. तुम्ही त्यांला बोलवा."

आतापर्यंतची सगळी गंमत उतरली. कारण स्क्रीनवर एक नजर टाकल्यावर मला कळलं होतं की चूक कुणाची.

शीटमध्ये डावीकडे दोन रकाने होते, फॉर्म नंबर आणि नाव. मग एक अख्खा रकाना कोरा. मथळासुद्धा नाही. त्याच्यापुढे उंची, वजन, शिक्षण, व्यवसाय, छंद, गाव, फोन, अपेक्षा. स्प्रेडशीट रिकाम्या रकान्याला कुंपण समजतं. मी नावात क्लिक करून सॉर्ट केलं, तेव्हा नंबर आणि नावं तेवढी हलली. कुंपणापलीकडची माहिती जागच्या जागी राहिली. तीनशे सहा माणसं उठून भलत्यांच्या घरात जाऊन बसली. बावीस वर्षं मी शिकवतेय, की सॉर्ट करायच्या आधी मध्ये रिकामा रकाना आहे का बघा. मी बघितलं नव्हतं. मी साहेबांचं तोंड बघत होते.

"चूक सॉफ्टवेअरची नाही," मी म्हणाले. "शकुताईंचीही नाही. सोमवारी सॉर्टचं बटण मी दाबलं. न बघता दाबलं. चूक माझी आहे."

शकुताईंनी उशी छातीशी धरली.

"पण शकुताई, हा रकाना कोरा का ठेवलात?"

त्या जरा लाजल्या. "रजिस्टरात पहिल्यापासून ठिवते मी. नावाच्या म्होरं मोकळी जागा. कुणाचं ठरलं की लाल पेनानं तिथं लिव्हायचं, 'जमलं'. औंदा अजून कुणाचंच जमलं न्हाई, म्हणून कोरा हाय."

"मग वर मथळा तरी द्यायचा!"

"जमायच्या आदी 'जमलं' कसं लिव्हायचं मॅडम? शकुन-बिकुन मी काय मानत न्हाई. पर हात व्हत न्हाई."

घड्याळात साडेबारा. गायकवाड साहेब म्हणाले, "बाकीचे फॉर्म कोण बसवणार दोन वाजायच्या आत? हरेकाची कुंडली मांडायची का?"

"कुंडली नाही साहेब. नंबर."

आणि मला एकदम इतकं हसू आलं की मी टेबलाला धरून उभी राहिले. कारण शकुताईंच्या जुन्या सवयीप्रमाणे प्रत्येक नावाला त्याचा फॉर्म नंबर चिकटलेला होता. नावं हलली तेव्हा नंबर त्यांच्यासोबत गेले होते. आणि पलीकडची माहिती अजून मूळ क्रमानंच उभी होती, एक, दोन, तीन, चार. म्हणजे फक्त डावीकडचे दोन रकाने नंबरानुसार परत लावले की जो तो आपल्या घरी. ज्या कोऱ्या रकान्यानं घोळ घातला, तोच आता कुंपणासारखा उपयोगी पडणार होता.

"साहेब, उठा," मी म्हणाले. "शकुताई, बसा."

त्यांनी आधी उशी ठेवली, नीट थोपटली, मग बसल्या. मी फाइलीची एक कॉपी करून घेतली. ते मी सोमवारीच करायला हवं होतं.

"नंबराच्या रकान्यात क्लिक करा. आता चढत्या क्रमाचं बटण."

शकुताईंनी बटण दाबलं. हे काम एका सेकंदाचं. रेणापूरची मुलगी पाच फूट एक इंच झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ शेतात परतला. ट्रॅक्टर ट्रॅक्टरवाल्याकडे गेला. कांबळे सर एकेक नाव मोठ्यानं वाचत होते आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखे दरवेळी "बरोबर!" म्हणत होते. सत्तावन्न नावं बरोबर आली. अठ्ठावन्नावं नाही.

उदगीरचा एक मुलगा, सरांच्या ओळखीचा. व्यवसाय पोलीस शिपाई असायला हवा होता. शीटमध्ये तो बी.एस्सी. नर्सिंग झालेला होता, आणि त्याला मेंदीची आवड होती.

सगळ्यांनी हळूहळू गायकवाड साहेबांकडे बघितलं. सकाळी पुतणीचं नाव त्या ओळीत येऊन पडलेलं होतं. साहेब पुतणीचं भलं करायला गेले आणि त्यांनी पोलिसाची माहिती पुसून तिची टाकली. तीनशे बारांमध्ये आता एकच ओळ चुकलेली होती, आणि ती हातानं दुरुस्त केलेली.

"मूळ फॉर्म शोधावा लागेल," मी म्हणाले.

"शोधायचं काय त्यात?" शकुताई उठल्यासुद्धा नाहीत. खुर्ची मागे सरकवली, कपाटातून दोऱ्यात ओवलेला गठ्ठा ओढला. "अठ्ठावन्न नंबर. निळ्या शाईचा. त्याच्या आईनं आणून दिल्ता, संगं करडीची भाजी पण आणली व्हती." पाच सेकंदात फॉर्म टेबलावर.

गायकवाड साहेब तो फॉर्म बघत राहिले. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "एजन्सीवाल्याला सांगतो, सध्या गरज न्हाई." मोठ्या मनाचा माणूस, हे मला मान्य करावं लागलं.

मग आम्ही अख्खी शीट निवडून नावं अक्षरानुसार लावली, ह्या वेळी दोनदा बघून. पुन्हा मेल मर्ज, पुन्हा PDF. एक पन्नासला प्रेसला फाइल गेली. शकुताईंनी पाठवायचं बटण दाबलं आणि कांबळे सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आयुष्यात एका ईमेलसाठी मी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या. भजी ह्या वेळी गायकवाड साहेबांनी मागवली.

मेळावा छान झाला. अहमदपूरचा आयटीआयवाला स्टेजवर आला आणि माइकवरून म्हणाला, "मी एक दिवस डॉक्टर व्हतो, आता फिटर हाय." त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दोनेक महिन्यांनी मी प्रिंटरचं टोनर बदलायला मंडळात गेले, तर शकुताई माझी वाटच बघत होत्या. समोर रेणापूरचे सोनकांबळे बसलेले, हातात पेढ्याचा पुडा.

"मॅडम, त्या दिवशी तुम्हाला फोन करायच्या आधी मी कुणाला केल्ता म्हायतीय का?" ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या नावापुढं जो नंबर आल्ता, त्याला. म्हणलं बघू तर खरं, कोण हाय हा सहा फूट दोन इंच. भांडायलाच केल्ता. किल्लारीचे पाहुणे निघाले, पोराचे वडील. ते बी भांडायलाच बसले व्हते, त्यांच्या पोराच्या नावापुढं भलत्याच पोरीची माहिती आल्ती. मग आम्ही दोघं मिळून तुम्हाला शिव्या घातल्या. लई वेळ घातल्या. मग च्यापाण्याला या म्हणले."

"आणि मुलीला उंची चालली?"

"ती म्हणती, पंखा पुसाया बरा."

मी खुर्चीत बसून पोट धरून हसले. शकुताईंनी मात्र शीट उघडली होती. त्यांनी त्या कोऱ्या रकान्यात, मुलीच्या नावापुढे, अक्षरांचा रंग लाल केला. रंगाचं बटण मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मग त्यांनी एकेक कळ नेहमीसारखी आपटली, आणि त्या दिवशी मला शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं फार कौतुक वाटलं, की हा आवाज तो रोज ऐकतो. 'जमलं.' किल्लारीच्या मुलापुढेही तेच.

धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर, रकान्यात एक जरी शब्द आला तरी स्प्रेडशीट त्याला रिकामा समजत नाही. कुंपण संपतं. डावीकडचं आणि उजवीकडचं मिळून एकच शीट बनते.

"आता सॉर्ट करू का मॅडम?" शकुताईंनी विचारलं.

"करा," मी म्हणाले. "आता काही होत नाही. पण आधी एक कॉपी ठेवा."